स्टँड मिक्सरमधे पूर्ण कणकेचा ब्रेड : पीठ गरम होतंय, दुसऱ्या दिवशी ब्रेडचा भुगा होतोय

सावली_नागपूर :

नमस्कार मंडळी. मिक्सरवाल्या आणि ब्रेडवाल्या सगळ्यांना विचारतेय.

घरी स्टँड मिक्सर आहे, ४.८ लिटरचं भांडं, डोकं मागे कलणारा, सोबत पीठ मळायचा हूक. मैद्याचे बन, लादी पाव त्यात मस्त होतात, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण सासऱ्यांना मैदा बंद केलाय आणि त्यांना सकाळी चहासोबत टोस्टच लागतो, आयुष्यभराची सवय आहे, आणि बाहेरच्या ब्राऊन ब्रेडच्या पाकिटावर मागे बघितलं तर पहिलं नाव मैद्याचंच असतं बऱ्याचदा. म्हणून मला घरी फक्त कणकेचा ब्रेड जमवायचाय, मैदा अजिबात न घालता.

आत्ता मी असं करून राहिले : कणीक ४०० ग्रॅम (लोकवन, गिरणीतून दळून आणलेली), कोमट पाणी २४० मिली, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम, साखर १ चमचा, तेल २ चमचे. सगळं एकदम भांड्यात टाकून स्पीड ४ वर १५ मिनिटं. आधी गोळा हुकाला धरून नुसता गरगर फिरतो, मिक्सरचं डोकं थडथड हलतं, मग हळूहळू पीठ गरम होतं, चक्क हाताला गरम लागतं, आणि शेवटी चिकट होऊन तुटायला लागतं. फुगतं मात्र लवकर, अर्ध्या तासातच. टिनमधे घातलं की पुन्हा वर येतं आणि ओटीजीत गेलं की मधे बसतं. २०० वर ३० मिनिटं भाजते. त्या दिवशी खायला ठीक लागतो पण दुसऱ्या दिवशी स्लाईस उचलली की हातात भुगा.

इथे सध्या ४३-४४ चाललंय, स्वयंपाकघरात कूलरची हवा येते तरी ३४ च्या खाली काही जात नाही. ग्लुटेन पावडर मागवू का? की हा मिक्सरच कणकेसाठी कमी पडतोय? नवऱ्याचं म्हणणं मोठा घेऊ, पण आधी तुम्हाला विचारावं म्हटलं.

---

पीठमीठ (ठाणे) :

सावली, मोठा मिक्सर अजिबात घेऊ नकोस, ४.८ लिटरला ४०० ग्रॅम कणीक काहीच नाही. मी ऑर्डरचे ब्रेड घरूनच करते आणि माझ्याकडेही याच मापाचा मिक्सर आहे, रोज चालतो.

तुझं पाणी खूप कमी आहे गं. ४०० ला २४० म्हणजे ६०%, एवढं मैद्यालाही जरा घट्टच होतं आणि कणीक त्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी पिते. आपली गिरणी जात्याच्या तत्त्वावरच चालते, दोन दगडांमधे गहू चिरडला जातो, त्यात पिठातला स्टार्च बराच फुटतो आणि फुटलेला स्टार्च पाणी जास्त ओढतो. म्हणूनच तर पोळी मऊ राहते. वर कोंडा आहेच, तो पाणी घेतो पण सावकाश घेतो. त्यामुळे ४०० ग्रॅमला ३०० पासून सुरू कर, ३१०-३२० पर्यंत जाईल. पोळीच्या कणकेपेक्षा बरीच सैल वाटेल, हाताला थोडी चिकटेल, ते बरोबर आहे, घाबरून वर कोरडं पीठ भुरभुरत बसू नकोस. डोकं थडथडतंय ते या घट्ट गोळ्यामुळेच.

दुसरं म्हणजे उष्णता. मिक्सर मळताना पीठ घासून घासून गरम करतो. ब्रेडचं पीठ मळून झालं की २५-२६ डिग्री असावं. त्याचा बेकरीतला हिशोब असा : हवं ते तापमान गुणिले ३, म्हणजे २६ गुणिले ३, ७८. त्यातून खोलीचं तापमान, पिठाचं तापमान आणि मिक्सरच्या घर्षणाचे साधारण १० वजा करायचे. तुझ्याकडे खोली ३४, पीठ ३४, मिक्सर १०, झाले ७८. म्हणजे पाणी शून्य डिग्रीचं हवं! आणि तू कोमट घालतेयस. कोमट पाणी हे थंड देशातल्या रेसिपीतून आलंय, किंवा अ‍ॅक्टिव्ह ड्राय यीस्ट भिजवायला लागतं, इन्स्टंटला त्याची गरजच नाही. आता हेच पीठ रात्रभर फ्रीजमधे ठेवलंस आणि ते ८ डिग्रीला आलं तर उत्तर येतं २६, म्हणजे माठातलं पाणी चालेल. बर्फाच्या पाण्याच्या भानगडीत पडायला नको, शिवाय इन्स्टंट यीस्टवर थेट गार पाणी ओतलं तर तेही त्याला मानवत नाही.

स्पीड ४ बंद कर आधी. किचनएडच्या मॅन्युअलमधे तर स्पष्ट आहे की यीस्टचं पीठ मळताना २ च्या वर जायचं नाही, आणि ते बाकी घरगुती मिक्सरलाही लागू पडतं कारण घट्ट पिठावर जास्त स्पीड म्हणजे गिअरवर ताण आणि पिठाला ताप.

मी कसं करते ते सांगते, लांबण लागेल पण सांगते.

कणीक ४०० ग्रॅम फ्रीजमधली, पाणी २८० मिली, मिक्सरमधे स्पीड १ वर फक्त कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत, जेमतेम दीड-दोन मिनिटं. यीस्ट नाही, मीठ नाही. आता भांड्यावर ताट झाकून एक तास फ्रीजमधे. फ्रेंच बेकर याला ऑटोलिज म्हणतात, आपण पोळीची कणीक तिंबायच्या आधी भिजवून ठेवतो तेच हे. या तासाभरात कोंडा पाणी पिऊन मऊ होतो आणि ग्लुटेन आपलं आपण जुळायला लागतं, त्यामुळे नंतर मळायला निम्मा वेळ लागतो आणि पीठ तापायला वेळच मिळत नाही. बाहेर काढलं की ३० मिली साध्या पाण्यात ४ ग्रॅम यीस्ट (तुझ्या उन्हाळ्यात ३ सुद्धा पुरेल, ७ नको) आणि १५ ग्रॅम गुळाची पावडर कालवून ते घालायचं, त्यावर ८ ग्रॅम मीठ. स्पीड १ वर दोन मिनिटं, मग २ वर सहा-सात मिनिटं. मग मिक्सर बंद, दहा मिनिटं झाकून विश्रांती. मग २५ ग्रॅम मऊ लोणी किंवा तेल थोडं थोडं करत घालून आणखी तीन मिनिटं. तेल शेवटी घालायचं कारण आधी घातलं तर ते पिठाच्या कणांवर बसतं आणि ग्लुटेन जुळायला उशीर लागतो.

घड्याळ बघू नकोस, पीठ बघ. कणीक भांड्याच्या कडा सोडून हुकावर गोळा होते, तळाशी थोडी चिकटलेली राहते, आणि हात लावला तर कानाच्या पाळीइतकी मऊ लागते. तिथे थांब. मैदा जास्त मळला तरी सहन करतो, कणीक करत नाही, कारण कोंड्याचे कण धारदार असतात, ते ग्लुटेनच्या तारा कापत राहतात. चिकट होऊन तुटायला लागतं म्हणतेस ते हेच, उष्णता आणि जास्तीचं मळणं दोन्ही मिळून.

---

मोगरा :

मी हातानेच करते, मिक्सर नाहीच. पीठमीठ यांचं भिजवण्याचं अगदी बरोबर. कणकेचं अर्धं काम पाणी आणि वेळ करतो, मग मिक्सर असो की हात. एकच सांगायचंय, गिरणीवाल्याला सांगून ठेवा की गव्हावर गहू दळून द्या. आधी कुणाची ज्वारी-बाजरी दळली असेल तर सुरुवातीचं पीठ त्यात मिसळून येतं, पोळीला कळत नाही पण ब्रेडला लगेच कळतं, ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतंच. आणि दळण थोडं बारीक घ्या. दळून आणलेलं गरम पीठ लगेच डब्यात बंद करू नका, परातीत पसरून गार होऊ द्या.

---

सावली_नागपूर :

पीठमीठ ताई, किती सविस्तर लिहिलंत, खूप आभार! पिठाचं पातेलं आत्ताच फ्रीजमधे टाकलं. एक विचारायचं होतं, सगळीकडे ते विंडोपेन म्हणतात ना, पिठाचा तुकडा ताणून आरपार दिसेपर्यंत बघायचा, माझं कणकेचं कधीच तसं होत नाही, मैद्याचं लगेच होतं. म्हणून मी मळतच राहते. आणि गव्हाचा काही फरक पडतो का? आमच्याकडे सासूबाई वर्षाचा गहू भरतात, लोकवन आहे, थोडा सिहोरचा शरबती आहे आणि या वर्षी सासऱ्यांसाठी म्हणून खपलीही घेतलाय. खपलीचा करून बघू का?

---

दूरदेशी (मिनेसोटा) :

सावली, खपलीचा फुगलेला स्लाईस ब्रेड होणार नाही, आधीच सांगतो म्हणजे पीठ वाया जायला नको. खपली म्हणजे एमर, वेगळ्या जातीचा गहू, त्यात प्रोटीन भरपूर असतं पण त्याचं ग्लुटेन कमकुवत, वायू धरून ठेवत नाही. त्याच्या पोळ्या करा, खीर करा, उत्तम लागते. ब्रेडमधे घालायचाच असेल तर १५-२०% पर्यंत, बाकी लोकवन.

लोकवन आणि शरबतीमधे ब्रेडसाठी मला फार फरक जाणवलेला नाही, दोन्ही पोळीचे गहू, म्हणजे पीठ छान ताणलं जातं पण परत ओढून घेण्याची ताकद कमी. इथे आमच्या मिनेसोटा-डाकोटा पट्ट्यात जो लाल कडक वसंती गहू होतो तो नेमका उलटा, ताकदीचा. नेटवरच्या अमेरिकन होल व्हीट रेसिपी त्या गव्हासाठी लिहिलेल्या असतात, आणि ते पीठ बहुतेक रोलरच्या गिरणीत दळलेलं असतं, स्टार्च कमी फुटलेला. त्यामुळे त्यांचं पाणी, त्यांच्या मळायच्या वेळा, त्यांचं यीस्ट, काहीच आपल्या गिरणीच्या कणकेला जसंच्या तसं लागू होत नाही. इथल्या देशी दुकानातला चपातीचा आटा वापरून इथल्याच रेसिपीने ब्रेड केला की तो बसतो आणि लोक स्वतःला दोष देतात, मी हे मित्रमंडळींत खूप बघितलंय. दोष पिठाचाही नाही, ते पोळीसाठी दळलंय आणि पोळीसाठी उत्तम आहे. फुटलेल्या स्टार्चमुळे त्यात साखरही भराभर तयार होते आणि यीस्ट पळत सुटतं, म्हणून तुमचं अर्ध्या तासात फुगतंय, त्यात ३४ डिग्री आणि ७ ग्रॅम यीस्ट.

विंडोपेनबद्दल : कणकेत कोंडा असतो त्यामुळे मैद्यासारखा आरपार पडदा होत नाही, कोंड्याच्या कणापाशी तो फाटतोच. कणकेत एवढंच बघायचं की तुकडा ताणल्यावर लगेच तुटतोय की दोन बोटं लांब ताणला जाऊन मग फाटतोय. ताणला गेला की बास.

आता कोंड्याचाच एक उपाय सांगतो जो मला सगळ्यात उपयोगी पडलाय. मैद्याच्या बारीक चाळणीने कणीक चाळायची. ४०० ग्रॅममधून साधारण ३०-४० ग्रॅम कोंडा निघेल, गिरणीवर अवलंबून आहे. हा कोंडा फेकायचा नाही. त्यावर उकळतं पाणी ओतायचं, कोंड्याच्या दीडपट-दुप्पट, झाकून पूर्ण गार करायचा. चाळलेलं पीठ वर पीठमीठ यांनी सांगितलं तसं भिजवून मळून घ्यायचं आणि अगदी शेवटी, तेलाच्या वेळी, हा भिजलेला कोंडा घालून स्पीड १ वर दोन मिनिटं फिरवायचा. ग्लुटेन आधीच जुळलेलं असतं आणि कोंडा मऊ झालेला असतो, त्यामुळे तारा कापल्या जात नाहीत. सासऱ्यांच्या ताटात सगळा गहू गेला आणि ब्रेडही उंच झाला. फक्त कोंड्यात घातलेलं पाणी एकूण पाण्यातून वजा करायला विसरू नका.

भुगा होण्यावर दुसरा उपाय, तांगझाँग. २० ग्रॅम कणीक आणि १०० मिली दूध (किंवा पाणी) मंद आचेवर ढवळत राहायचं, चमच्याने ओढलेली रेघ तळाशी उमटून राहील इतकं दाट झालं की उतरवायचं, ते साधारण ६५ डिग्रीला होतं. गार करून पिठात. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो त्यामुळे ब्रेड तीन दिवस मऊ राहतो. कणीक आणि पाणी दोन्ही मूळ मापातूनच घ्यायचं.

माझ्याकडे अँकरसरुमचा मिक्सर आहे, स्वीडिश, १९४० पासून तेच डिझाईन, त्यात भांडं फिरतं आणि रोलर जागेवर राहतो, पीठ कमी तापतं. पण ते मोठ्या मापासाठी, एका ब्रेडसाठी मुद्दाम घ्यावा असं अजिबात नाही. तुमचा मिक्सर पुरेसा आहे.

---

चिंचवडकर :

या विषयात थोडं घुसतोय, मिक्सरवालेच जमलेत म्हणून. बहीण न्यू जर्सीहून येतेय, तिथे सेलमधे स्टँड मिक्सर स्वस्त मिळतोय म्हणते. आणू देत का? इथे चालेल ना?

---

दूरदेशी (मिनेसोटा) :

@चिंचवडकर, इथले मिक्सर १२० व्होल्टचे असतात, भारतात २३० आहे, थेट लावलात तर गेला. स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल आणि तो मिक्सरच्या वॉटच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा, म्हणजे चांगला वजनदार ठोकळा, ओट्यावर कायमचा. प्रवासाचे छोटे कन्व्हर्टर मोटरवाल्या वस्तूंना चालत नाहीत. शिवाय मिक्सरचं वजनच दहा-बारा किलो, बॅगेतली निम्मी जागा तो खाणार, आणि वॉरंटी इथली. मी तरी भारतातलाच घ्या म्हणेन. हो, हूक-बीटर वगैरे जोडण्या मॉडेल जुळत असेल तर आणायला हरकत नाही.

---

चिंचवडकर :

बरं झालं विचारलं. बहिणीला कळवतो, त्यापेक्षा पिस्ते आण म्हणून.

---

काळी_कसदार :

मला एक कळत नाही, १००% कणकेचा हट्ट कशाला? निम्मा मैदा घाला, सगळे प्रश्न सुटतात. मी कायम निम्मं निम्मं करते, २०० कणीक, २०० मैदा, पाणी २७०, मऊ होतो, फुगतो, मुलं खातात.

---

पीठमीठ (ठाणे) :

@काळी_कसदार, निम्म्या मैद्याचा ब्रेड चांगलाच होतो, शिकायला सुरुवात करणाऱ्यांना मीही तोच सांगते. पण सावलीच्या घरी मैदा बंद आहे आणि आजोबांना रोज खायचाय, मग तिचा प्रश्न आहे तसाच सोडवायला हवा ना. आणि तो सुटतो, कणकेचा ब्रेड मैद्याइतका हलका होणार नाही, होऊही नये, पण दाट असून मऊ आणि स्लाईस अख्खी राहणारा नक्की होतो.

सावली, ग्लुटेन पावडरचं राहिलं. ४०० ग्रॅम कणकेला २० ग्रॅम, आणि वर २०-२५ मिली पाणी जास्त. ते गव्हाचंच प्रोटीन आहे, मैदा धुऊन काढलेलं, त्यात वाईट काही नाही. उंची वाढते हे खरं. पण पहिला ब्रेड त्याच्याशिवाय कर, म्हणजे पाणी आणि तापमानाने किती फरक पडला ते तुला स्वतःला दिसेल. मग हवं तर घाल. जास्त घातलं तर ब्रेड रबरासारखा चिवट होतो आणि वयस्कर माणसांना चावायला त्रास.

फुगवण्याबद्दल लिहायचं राहिलंच होतं आणि तुझा ब्रेड खरं तर तिथेच बसतोय. कणीक दुप्पट व्हायची वाट बघायची नाही. पहिल्यांदा दीडपट झाली की बास. उभ्या कडांच्या डब्यात ठेव आणि बाहेरून रबरबँड लाव म्हणजे अंदाज लागतो. मग हवा हलकेच दाबून काढ, पोळपाटावर आयत लाटून घट्ट गुंडाळी कर, सांध्याची बाजू खाली करून टिनमधे. टिनच्या काठाच्या बोटभर खाली असतानाच ओटीजी गरम करायला लाव, कारण तिकडे दहा-पंधरा मिनिटं जातात आणि तुझ्याकडे तेवढ्यात ते काठाला येणार. बोटाने हलकं दाबून बघ, खड्डा सावकाश आणि अर्धवट भरून आला तर आत घालायची वेळ झाली. खड्डा तसाच राहिला तर उशीर झालाय, तो आत जाऊन बसणारच. नागपूरच्या कूलरच्या वाऱ्यात पिठावर साय धरल्यासारखा कोरडा पापुद्रा येईल, ओलं फडकं घट्ट पिळून वर टाक.

टिनचं मापही बघ, ८ बाय ४ इंचाला ३५० ग्रॅम पीठ, ९ बाय ५ ला ४५०-५००. तुझे ४०० ग्रॅम ९ बाय ५ मधे चपटे दिसतील, ब्रेड बिघडलाय असं वाटेल पण टिन मोठा असतो फक्त.

भाजायला १९० वर ३५-४० मिनिटं, दोन्ही कॉइल चालू, टिन खालच्या रॅकवर. वीसेक मिनिटांनी वरून रंग आला की फॉइल. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधोमध ९३-९५ यायला हवं. काढल्यावर पाच मिनिटांत टिनमधून बाहेर आणि जाळीवर, टिनमधेच ठेवला तर वाफेने कडा ओल्या होऊन आत बसतात. आणि पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावायची नाही, दोन तास तरी. गरम कापला की आतला ओलावा वाफ होऊन निघून जातो आणि दुसऱ्या दिवशी कोरडा भुगा. सुरी दातेरीच हवी.

---

फोंडेकर :

सगळं वाचलं, छान चर्चा. आमच्याकडे गोव्यात अजून सकाळ-संध्याकाळ पोदेर म्हणजे पाववाला सायकलवर भोंपू वाजवत येतो, पोई, उंडो, कातरे पाव, काकणां असे पाव घेऊन. पोईत कोंडा असतो, वरूनही लावलेला असतो, आणि ती इतकी हलकी, आत पोकळ. जुन्या काळी माडाच्या सुरेने पीठ आंबवायचे, आता बहुतेक भट्ट्यांत यीस्टच आणि मळायलाही मशीन आलंय, पण वेळ मात्र तोच लागतो, पीठ पहाटेच्या भट्टीसाठी आदल्या दिवशीच मळून ठेवतात. मला वाटतं सावलीताईंनी तेच करावं, आदल्या रात्री एकूण कणकेतली १५० ग्रॅम आणि १५० मिली पाणी, यीस्ट अगदी चिमूटभर, कालवून ठेवायचं. इथे पावसात मी ते रात्रभर ओट्यावर ठेवतो, तुमच्या उन्हाळ्यात तासभर बाहेर आणि मग फ्रीजमधे. सकाळी बुडबुडे आलेले असतात, वास किंचित आंबूस आणि गोडसर. ते बाकीच्या पिठात घालून मिक्सर लावायचा, मळायला आणखी कमी वेळ लागतो आणि चवीत तर जमीन अस्मानाचा फरक. नुसत्या यीस्टच्या घाईच्या ब्रेडला जो एक वास येतो ना, तो येत नाही.

यीस्ट मात्र फ्रीजरमधे ठेवा, हवाबंद बरणीत. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं पाकीट महिन्याभरात मरगळतं.

---

सावली_नागपूर :

मंडळी, केला! सगळं एकदम नाही केलं, पीठमीठ ताईंची पद्धत आणि दूरदेशी यांची कोंडा चाळायची. तांगझाँग आणि फोंडेकरांचं रात्रीचं पीठ पुढच्या वेळी.

कणीक आणि पाणी रात्री वेगवेगळं फ्रीजमधे ठेवलं, सकाळी सहाला स्वयंपाकघर गार असतं तेव्हा सुरुवात केली. कोंडा ३५ ग्रॅम निघाला, ६० मिली उकळत्या पाण्यात भिजवला. एकूण पाणी ३१५ लागलं. मिक्सरचं डोकं अजिबात हललं नाही, स्पीड २ वर आवाजसुद्धा वेगळा येतो, आणि मळून झाल्यावर थर्मामीटर खुपसला तर २७. हाताला गार लागत होतं पीठ, आधी कधीच असं नव्हतं. हुकावर चढत होतं मात्र, दोन वेळा बंद करून उलथन्याने खाली ढकलावं लागलं. दीडपट व्हायला ५० मिनिटं लागली, टिनमधे ३५. मधे बसला नाही! वर छान घुमट आलाय आणि कापल्यावर जाळी एकसारखी, खाली गठ्ठा नाही. दुसऱ्या दिवशी स्लाईस वाकवून बघितली, तुटली नाही. सासरे टोस्टवर लोणी लावून दोन खाऊन उठले आणि म्हणाले उद्याचा आहे ना.

आता दोन शंका. एक, पीठ हुकावर चढतं ते काय करायचं? आणि दोन, आठवड्याचा एकदम करून ठेवला तर? दोन ब्रेडचं पीठ, म्हणजे ८०० ग्रॅम कणीक, एकदम मळू का या मिक्सरमधे?

---

पीठमीठ (ठाणे) :

वा वा सावली, मस्तच! २७ म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात कमाल आहे.

हुकावर थोडं चढणारच, सैल पिठात तर जास्त. मधे एकदा थांबवून खाली ढकलायचं, त्यात बिघडत काही नाही. हूक तळापासून फार वर राहत असेल तर डोक्याच्या सांध्यापाशी एक स्क्रू असतो, तो किंचित फिरवून अंतर कमी करता येतं, पण घासलं जाऊ नये एवढं बघ.

८०० ग्रॅम कणीक एकदम नको. मिक्सरच्या माहितीपत्रकात जो पिठाचा आकडा देतात तो बहुतेक मैद्याचा असतो, कणकेचा त्याहून बराच कमी धरायचा. जास्तीत जास्त ५५०-६००. एक गोळा मळून बाहेर काढ, मिक्सरला पंधरा-वीस मिनिटं विश्रांती दे, डोक्याला हात लावून बघ गार झालंय का, मग दुसरा. पहिला गोळा तोवर फ्रीजमधे ठेव म्हणजे दोन्ही बरोबरीने फुगतील.

ठेवायचा म्हणशील तर पूर्ण गार झाल्यावर स्लाईस करून, दोन-दोनच्यामधे बटर पेपर घालून, पिशवीतली हवा काढून थेट फ्रीजरमधे. साध्या फ्रीजमधे ठेवू नकोस, तिथे ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. सकाळी फ्रीजरमधून काढून थेट टोस्टरमधे घाल, वितळायची वाट बघायला नको.

---

मोगरा :

चाळणीत राहिलेला कोंडा थोडा बाजूला काढून टिनला तेल लावल्यावर आत भुरभुरव. ब्रेड सुटायला सोपा जातो आणि कडेला खमंग लागतो.

---

सावली_नागपूर :

हो मोगरा, रविवारी दोन करणार आहे त्यात बघते. फोंडेकर, शनिवारी रात्री तुमचं १५० चं कालवून ठेवते, कणीक चाळलेली घेऊ की अख्खी?

---

फोंडेकर :

अख्खी घ्या. रात्रभरात कोंडा आपोआप भिजतो, मग तेवढ्या पिठाला चाळणी लावायची गरज नाही. उरलेली २५० चाळा.